सलामतरावांचा जबाब

आमच्या भागात सलामतरावांना कोणी रामराम करीत नसे. समोर आलेला माणूस मूठ आवळून त्यांच्या छातीवर एक बुक्की मारी आणि सलामतराव हसून म्हणत, "बोला बाप्पा." मोताळ्याच्या आठवडी बाजारात धान्याचे व्यापारी मारीत, न्हावी मारी, शाळेचे हेडमास्तर मारीत, नव्याने बदलून आलेला पोलीस शिपाई तर नाव विचारण्याआधी मारी. भरल्या पोत्यावर काठी पडावी तसा जाड, दबका आवाज त्या छातीतून निघे, आणि तो ऐकला की मारणाऱ्याला उगीचच आपल्या अंगात बळ आल्यासारखे वाटे.

मी एकदाही मारली नाही. मी कचेरीच्या आवारात निंबाखाली बसणारा अर्जनवीस. लोकांची गाऱ्हाणी कायद्याच्या भाषेत उतरवून देणे हा माझा व्यवसाय. सलामतराव प्रथम माझ्याकडे आले ते बाजारात खेळ करण्याच्या परवानगीचा अर्ज लिहून घ्यायला. अर्ज लिहीत असतानाच जाणाऱ्या-येणाऱ्या तिघांनी त्यांना बुक्क्या मारल्या. मी लेखणी खाली ठेवली आणि दुसऱ्याच्या अंगावर त्याच्या संमतीवाचून बळ वापरणे हा अपराध ठरू शकतो, मौजेचे निमित्त सांगून तो धुतला जात नाही, असे त्यांना बजावले.

"हे कायद्यात लेहलं हाये?" त्यांनी विचारले.

"आहे."

"माह्यासाठी बी?"

"सर्वांसाठी."

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "राहू द्या मंग. लोकायले नोका सांगू. भेटल्यावर मानूस काय करन मंग?"

त्यांचे खरे नाव ज्ञानदेव. ते फार थोड्यांना ठाऊक होते. खेळात त्यांच्या छातीवर पाटा ठेवून दोन माणसे त्यावर घणाने दगड फोडीत. लोखंडी सळईचे टोक गळ्याच्या खळगीत रुतवून ते ती वाकवीत. सर्वांत शेवटी गाडी. ते जमिनीवर उताणे पडत, दोन्ही अंगांना मातीचा उतार केलेला असे, आणि ज्वारीच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाडीचे एक चाक त्यांच्या छातीवरून चढून पलीकडे उतरे. त्यांची पत्नी सुभद्राबाई एका बाजूला उभी राहून हलगी वाजवी. चाक उतरले की हलगी थांबे, धुळीतून सलामतराव उठत, खांद्यावरच्या दुपट्ट्याने छाती झटकीत आणि चारी दिशांना वळून म्हणत, "सलामत हाय, मायबाप." लोकांनी त्यांचे नाव त्यावरून पाडले होते, आणि त्यांनी ते एखाद्या पदवीसारखे घेतले होते.

ही विद्या त्यांना कोणा गुरूने दिली नव्हती. तरुणपणी ते खामगावकडच्या, कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात हमाल होते. तेथे कापसाची एक गाठ वरून सुटून त्यांच्या अंगावर आली. मालकाच्या माणसांनी ती उचलली तेव्हा हे खाली हसत पडलेले. "मले मेला समजून माह्या बापाले बोलवाले मानूस धाडला होता," ते सांगत, "बाप आला तं मी भाकर खाऊन राह्यलो होतो." त्या हसण्याची पुढे उपजीविका झाली. मला ती हकीकत कधीच विनोदी वाटली नाही. गाठ कोणाच्या चुकीने सुटली, हे त्या जिनात कोणी विचारले नाही, आणि जो जगला त्याच्या जगण्याचाच सर्वांनी त्या चुकीवर पडदा केला. पुढे सलामतरावांच्या आयुष्यात हेच पुन्हा घडायचे होते.

गाडी अंगावर घेणाऱ्या या माणसाला बाभळीचा काटा सहन होत नसे. पायात काटा मोडला की ते रस्त्यातच बसकण मारीत आणि सुभद्राबाईंच्या नावाने अशी हाक घालीत की शेतांतली माणसे धावून येत. त्या पदराची टाचणी काढून काटा उकरीत आणि हे तोंड फिरवून डोळे मिटून घेत. एकदा मी हसलो. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले, संमतीची त्याहून स्वच्छ व्याख्या मला पुढे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात आढळली नाही. "गाडी सांगून येते, अर्जनवीस साहेब. काटा सांगून नाही येत. सांगून आलं तं मानूस तयार असते."

तयारीबाबत ते फार काटेकोर होते. बैल स्वतः पाहून घेत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत. पोळ्याला ते गावोगाव जाऊन, वर्षभरात ज्यांची गाडी अंगावरून गेली त्या बैलांना पुरणाची पोळी चारून येत. गाडीवानाला बाजूला नेऊन ते एकच गोष्ट सांगत: चाक चढले की कासरा ओढायचा नाही. कोणी हाक मारो, कोणी आडवे येवो, आपला बाप दिसो, गाडी पुढेच गेली पाहिजे. "चालत्या चाकाचं वजन जमिनीचं," ते म्हणत, "थांबल्या चाकाचं वजन माह्यं." छातीत भरून घेतलेला दम चाक पलीकडे जाईपर्यंतच पुरे. त्यांच्या साऱ्या सलामतीचे रहस्य एवढेच होते, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. गाडीवानाला त्यांनी एक खूणही ठरवून दिली होती. हलगी वाजते आहे तोवर चालायचे, हलगी थांबली की थांबायचे.

राज्य नवे होते. जिल्ह्यात पंचायत समित्या स्थापन होत होत्या, आणि आमच्या गावचे देशमुख, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, सभापती म्हणून निवडून आले होते. त्यांच्या सत्काराच्या दिवशी कुस्त्या ठेवल्या होत्या आणि कुस्त्यांनंतर सलामतरावांचा खेळ. सलामतरावांनी नेहमीच्या रीतीने आपल्या पसंतीचे बैल मागितले. भाऊसाहेबांनी निरोप पाठवला: आमच्या सत्काराला आमचे बैल असताना दुसऱ्याचे कशाला? गाडी आमची, बैल आमचे, गणपत आमचा.

गणपत हा त्यांचा सालदार. वर्षाच्या बोलीवर राबणारा, वडीलही त्याच घरी राबलेले. माणूस सालस होता. सलामतरावांनी त्याला बाजूला नेले तेव्हा मी जवळच उभा होतो.

"गणपत, कासरा वढू नको बे."

"हाव ना. मले काय समजत नाही?"

"कोनी आलं तरी?"

"कोनी येऊ दे ना बाप्पा. हलगी वाजून राह्यली तं मी चालून राह्यलो."

आता एक रिवाज सांगितला पाहिजे. तो कोणत्याही कायद्यात नव्हता आणि सर्व कायद्यांहून पक्का होता. देशमुखांच्या दारावरून गाडी नेताना गाडीवान धुरेवर बसून जात नसे. कासरा ओढून गाडी उभी करायची, खाली उतरायचे, वाकून मुजरा घालायचा, आणि मग बैलांच्या बाजूने पायी चालत दार ओलांडायचे. राज्य बदलले, मतदान आले, भाऊसाहेब स्वतः व्यासपीठावरून समतेवर बोलू लागले; पण हा मुजरा त्यांनी कधी बंद केला नाही. मी त्यांना यावर पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही.

भाऊसाहेब उशिरा आले. खेळ सुरू झाला होता, हलगी वाजत होती, चाक उतारावरून छातीवर चढत होते. गर्दी दुभंगली आणि हातात हार घेतलेले भाऊसाहेब बैलांच्या समोर येऊन उभे राहिले. सलामतराव उठताच हार घालावा, असा त्यांचा बेत असावा. गणपतने मालकाला पाहिले. त्याने विचार केला असे मी म्हणणार नाही. त्याच्या हातांनी केला, आणि त्या हातांना एकच कायदा ठाऊक होता. त्याने कासरा ओढला, धुरेवरून खाली उडी घेतली आणि कमरेत वाकून मुजरा घातला.

चाक छातीवर उभे राहिले.

हलगी थांबली नाही. सुभद्राबाई अधिक जोराने वाजवू लागल्या, कारण वाजवणे म्हणजेच चालण्याची खूण. गणपत वाकलेला, भाऊसाहेब हार धरून उभे, आणि ती बाई वाजवते आहे. मग तिने हलगी फेकली, हलगीची काडी घेऊन धावत गेली आणि बैलांच्या पुठ्ठ्यांवर फटकारे ओढले. बैल उधळले. चाक उतरले.

सलामतराव उठले. नेहमीपेक्षा उशिरा उठले, एवढे मी पाहिले. दुपट्टा हातात सापडेना. शेवटी उघड्या हातानेच छाती झटकून ते म्हणाले, "सलामत हाय, मायबाप." आवाज एवढा बारीक होता की मागच्या रांगांना तो पोचला नसावा, पण टाळ्या त्यांनीच सर्वांत जास्त वाजवल्या. लोकांना वाटले, गाडी उभी करणे हा खेळाचाच नवा भाग. भाऊसाहेबांनी हार घातला. "चालती गाडी कोणीही घेईल," ते म्हणाले, "उभी गाडी पेलली, याला म्हणतात छाती." आणि त्यांनी त्या छातीवर एक बुक्की मारली.

त्या दिवसापासून चालती गाडी कोणाला नको झाली. पुढच्या बाजारात लोक ओरडले, "उभी करा, उभी." डोणगावकडून बोलावणे आले ते उभ्या गाडीचे. सलामतरावांनी एकदा चालती गाडी घेतली, तर गर्दी उठून चालती झाली. त्यांनी उभी गाडी घ्यायला सुरुवात केली.

काही दिवसांनी सुभद्राबाई माझ्याकडे आल्या. डोक्यावरचा पदर नीट करून त्या निंबाखाली बसल्या.

"ते निजत नाहीत," त्या म्हणाल्या. "भिंतीले टेकून बसते. आडवं झालं तं दम पुरत नाही. खोकलले तं दुपट्टा लपवते."

"दवाखान्यात का नेत नाही?"

"गेले तं गावभर होईन ना. सलामत दवाखान्यात गेला म्हनतीन. आपल्या पायानं जात नाहीत ते. सरकारनं नेलं तं जातीन. तुमी असं काई लेहा की सरकार नेईन, अन् उभी गाडी बंद करीन."

त्यांची मागणी एवढीच होती, आणि ती पूर्णपणे कायद्यात बसणारी होती. मी तो अर्ज जितक्या काळजीने लिहिला तितक्या काळजीने आयुष्यात दुसरा लिहिला नाही. माझा मुद्दा असा होता: सज्ञान माणूस आपल्या संमतीने धोका पत्करू शकतो, हे मान्य, परंतु संमती ज्या गोष्टीला दिली तिच्यापुरतीच असते. या माणसाने चालत्या गाडीला संमती दिली होती. उभ्या गाडीला दिली नव्हती. बरगडी मोडली असेल तर ती कायद्याच्या व्याख्येने जबर दुखापत ठरते. सबब त्याची सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हावी आणि हा प्रकार बंद करण्याचा हुकूम निघावा. अर्जाच्या प्रती मी वरपर्यंत पाठवल्या.

चौकशीला अधिकारी आले. चावडीत बैठक होती. सलामतराव सकाळीच मला बाहेर गाठून म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदात गणपतचं नाव हाये काय?"

"दोष आयोजकांचा आहे. मी तसे स्पष्ट लिहिले आहे."

"पन कासरा कोनाच्या हाती होता?"

खटला उभा राहिला असता तर पहिला आरोपी गणपतच झाला असता, आणि भाऊसाहेब फार तर साक्षीदार. हे मला त्यांच्याइतकेच कळत होते.

"तो येऊन गेला काल," सलामतराव म्हणाले. "माह्या पायावर पडला. म्हने, मालकाले पाह्यलं अन् मले काईच समजलं नाही. त्याले चार लेकरं हायेत."

"आणि तुम्हाला?"

"मले काय झालं?" ते हसले आणि आत गेले.

अधिकारी सभ्य होते. त्यामुळे मला त्यांचा राग अधिक येतो. उर्मट माणसाविरुद्ध तक्रार तरी करता येते. भाऊसाहेब त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. सुभद्राबाई दाराशी उभ्या होत्या, गणपत बाहेर ओट्याखाली. अधिकाऱ्यांनी सदरा वर करायला सांगितले. छातीवर वळ नाही, जखम नाही, जुन्या खेळांच्या चट्ट्यांखेरीज काही नाही.

"त्या दिवशी तुला काही इजा झाली का?"

"नाही साहेब."

"दम लागतो? दुखतं?"

सलामतरावांनी एकदा दाराकडे पाहिले. सुभद्राबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, होय म्हण, अशी.

"नाही साहेब. सलामत हाय."

मी उठून वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरला. बाहेरून दिसत नाही म्हणजे आत नाही, असे कायदा म्हणत नाही, हे मी तीनतीनदा सांगितले. अधिकारी म्हणाले, "अर्जनवीस, ज्याला लागलं तो नाही म्हणतो. मग लागलं कुणाला, तुम्हाला?" सगळी चावडी हसली. नंतर ते खुर्चीवरून उठले आणि जाता जाता, अगदी आपुलकीने, त्यांनी सलामतरावांच्या छातीवर एक बुक्की मारली. सलामतराव हसले. "बोला बाप्पा" हे शब्द मात्र त्या दिवशी निघाले नाहीत.

बाहेर ते पायरीवर बसले. दुपट्टा तोंडाशी धरून बराच वेळ बसले. मी संतापून त्यांना म्हणालो की तुम्ही जबाबात खोटे बोललात.

"हाव," ते म्हणाले. "पन रागवू नोका साहेब. 'लागलं' म्हनलो असतो तं गणपत गेला असता, अन् माह्यं नाव बी. मंग माह्याजवळ काय राह्यते?"

मी म्हणालो, "तुम्ही राहिला असता."

त्यांनी दुपट्टा घडी करून खांद्यावर टाकला. आपण स्वतः ही वस्तू त्यांना कधी फारशी मोलाची वाटलेली मी पाहिली नाही.

पुढचा सारा हंगाम ते उभी गाडी घेत हिंडले. वरवट बकालला घेतली, डोणगावला घेतली. आता गाडीवानाला काही सांगावे लागत नसे. थांबवायची हे त्याला आधीच माहीत असे. मी पत्रे लिहीत राहिलो. वृत्तपत्रांना लिहिले, वरच्या अधिकाऱ्यांना लिहिले, भाऊसाहेबांना पुन्हा लिहिले. उत्तरे आली ती एकाच आशयाची: संबंधित इसमाने इजा झाल्याचे नाकारले असल्याने प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. ज्या माणसाचा धंदाच इजा नाकारण्याचा आहे, त्याच्या नकाराला पुरावा मानणाऱ्या या व्यवस्थेविषयी मी तेव्हा जे लिहिले ते आजही मागे घेत नाही. आणि एका माणसाने आपल्या नोकराला वाकायला शिकवले, त्याची किंमत दुसऱ्याच्या बरगड्यांनी चुकवली, हेही.

सलामतराव गाडीखाली गेले असते तर निदान कोणाला तरी जाब द्यावा लागला असता. ते घरी गेले. पोळा उद्यावर आला होता. बैलांकडे जायचे म्हणून त्यांनी सुभद्राबाईंना पुरणाची डाळ भिजत घालायला सांगितली, भिंतीला टेकून बसले, आणि त्या परत आल्या तेव्हा तसेच बसलेले होते.

मी पोचलो तेव्हा त्यांना आडवे केले होते. किती महिन्यांनी ते घरात आडवे झाले होते कोणास ठाऊक. अंगण माणसांनी भरले होते. भाऊसाहेबांकडून हार आला होता. तो गणपत घेऊन आला होता. तो बाहेरच उभा राहिला, आणि कोणीतरी त्याच्या हातून हार घेईपर्यंत त्याने मान वर केली नाही. लोक हलक्या आवाजात बोलत होते: काल तर बाजारात होता, काही झालेच नव्हते, ताप असेल, वारे असेल.

मोताळ्याच्या बाजारातले एक म्हातारे धान्यव्यापारी काठी टेकत पुढे आले. वर्षानुवर्षांची ओळख. ते सलामतरावांच्या शेजारी बसले, डोळे पुसले, आणि त्यांची मूठ आपोआप आवळली गेली. "उठा सलामतराव," असे म्हणत त्यांनी हात उचलला.

सुभद्राबाईंनी ते मनगट वरच्या वर धरले. त्या रडत नव्हत्या. चावडीच्या दारात जे त्या बोलल्या नव्हत्या ते, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी सांगितले.

"नोका मारू, बाप्पा. लागते त्यायले. लय दिसाचं लागते."

म्हातारबुवांचा हात तसाच राहिला; त्या हाताचे पुढे काय करावे, हे त्यांना कळेना. मग त्यांनी मूठ उघडली, काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि वाकून म्हणाले, "रामराम, ज्ञानदेवराव."

त्यांना कोणी रामराम केलेला मी तेवढा एकदाच पाहिला.